नेलिदाने भाजलेला लोमो

मी खाटीक आहे. आमच्या गल्लीत कोणाच्या घरात काय चाललंय हे पाद्र्याच्या आधी मला कळतं. नवऱ्याचं काम सुटलं की बायका बरगड्यांवरून खिम्यावर येतात. मुलगी ब्वेनोस आयरेसहून येणार असली की आई शनिवारी सकाळी सातलाच दारात हजर. मी कुणाचं कुणाला सांगत नाही, आणि या एका गुणाचा मला फार गर्व होता. पण नेलिदाच्या बाबतीत जिथे गप्प बसायचं तिथे मी बोललो आणि बोलायचं तिथे मूग गिळून बसलो.

नेलिदा ब्रुस्कीनी दर शनिवारी यायची. बरगड्यांची एक पट्टी, पोटाकडचं चिवट मांस, चार सॉसेज. यादी तिच्या नवऱ्याची, अन्सेल्मोची. रविवारी तो अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली निखारे करून जाळीवर मांस भाजायचा आणि त्या जाळीच्या आसपास कुणाला फिरकू द्यायचा नाही, बायकोला तर नाहीच. ती आत बटाटे उकडायची, कांदा-टोमॅटो चिरायची, पाव, वाइन, ताटल्या, सगळं तिचं. मांस टेबलावर आलं की जेवायला आलेल्या आमच्यापैकी कुणीतरी ओरडायचं, "आगीवरच्या माणसासाठी टाळ्या!" आणि सगळे टाळ्या वाजवायचे. ही रीतच आहे. मांस करपलं तरी टाळ्या. बटाट्याच्या कोशिंबिरीला मात्र कुणी टाळ्या वाजवत नाही. तीस वर्षं मी त्या घरी जेवलो, मीही कधी वाजवल्या नाहीत.

अन्सेल्मो नदीकाठच्या मांसाच्या कारखान्यात होता. एकतीस वर्षं त्याने एकच काम केलं: जनावराच्या कण्याखालून लोमो सोडवायचा. लोमो म्हणजे जन्मभर कधी न राबलेला स्नायू, सगळ्यांत मऊ. तो खोक्यांत भरून जहाजाने युरोपला जायचा आणि अन्सेल्मो घरी येऊन बरगड्या चघळायचा. लोमोचा त्याला भारी तिरस्कार.

"ते बोळक्यांचं आणि इंग्रजांचं खाणं!" एकदा भर जेवणात तो सुरी उगारून म्हणाला होता. "ज्या दिवशी माझ्या ताटात कुणी लोमो वाढेल ना, त्या दिवशी सुताराकडे माझी शवपेटी सांगून या!"

आम्ही पोट धरून हसलो. नेलिदा वाडगं हातात घेऊन दारात उभी होती, तीही हसली.

मागच्या ऑक्टोबरात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून ओघळायचे, आणि मन भरून आलं की तेही अडकायचे. मग नुसता घशातून आवाज. चार महिने त्याने लाल भोपळ्याचा लगदा खाल्ला. खाल्ला म्हणजे काय, नेलिदा चमचा तोंडाशी धरायची आणि तो भिंतीकडे बघायचा. माणूस दुखण्याने नाही, भोपळ्याने मरतोय असं मला वाटायचं.

फेब्रुवारीत ती दुकानात आली. तिने केस रंगवले होते.

"इलारिओ, रविवारी आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतात. मला त्याला मांस खाऊ घालायचंय. खरंखुरं. डॉक्टर म्हणाले, बारीक तुकडे केले तर चालेल."

"आणि आगीवर कोण बसणार?"

"मी. घरात, तव्यावर. हसू नकोस."

"हसत नाहीये."

"हसतोयस मेल्या, मिशी हलली तुझी."

पंचेचाळीस वर्षांत या बाईने भाजायच्या मांसाला हात लावला नव्हता. तिने नेहमीचंच मागितलं, पोटाकडचं. आणि मी माझं शहाणपण पाजळलं.

"अगं, ते आपल्याला चाववत नाही, त्याला काय चाववणार! लोमो घेऊन जा. जिभेवर ठेवला की विरघळतो."

ती थबकली. "लोमो? अन्सेल्मोला?"

"त्याला आता कुठे कळणार आहे?"

हे मी म्हणालो. शुद्धीत, दिवसाढवळ्या, माझ्याच दुकानात. ज्या माणसाने एकतीस वर्षं डोळे मिटून लोमो सोडवला त्याच्याबद्दल.

मग मी तिला शिकवलं. वरचं पांढरं आवरण सोलून दिलं, तीन बोटं जाडीचा काप काढला. "फ्रीजमधून तासभर आधी काढ. फडक्याने कोरडा कर. बिडाच्या तव्यातून धूर निघायला लागला की मगच ठेव. जाडं मीठ. आणि ठेवलास की हात लावायचा नाही. तो आपणहून तवा सोडेल तेव्हा उलटायचा, एकदाच. काटा टोचलास तर या दुकानाची पायरी चढू नकोस."

"झाला हे कसं कळायचं?"

"बोटाने दाब. हा अंगठ्याखालचा फुगीर भाग आहे ना, तेवढा मऊ लागला की उतरव. मग पाच मिनिटं झाकून ठेव, विसावू दे त्याला."

"आणि मी काय करू तोवर?"

"तूही विसाव."

ती खदखदून हसली. नंतर कितीतरी वेळ गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहून आपल्याच तळव्याला दाबून बघत होती. रविवारी दुपारी जेवायला ये म्हणाली. मी गेलो.

मांडवावर द्राक्षं पिकून गळत होती. अन्सेल्मो चाकांच्या खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून, पायाशी त्याचा कुत्रा तूको. जाळी कोपऱ्यात थंड पडलेली. स्वयंपाकघरातून तवा चरचरला तशी त्याने मान वळवली.

"कोण आहे आत?" त्याने मला विचारलं.

"नेलिदा. मांस भाजतेय."

"जाडी?" तो म्हणाला. तो तिला कायम जाडीच म्हणायचा, ती काडीसारखी होती तेव्हापासून. त्याच्या नाकपुड्या हलल्या. चार महिन्यांत प्रथमच त्याला भूक लागलेली मी पाहिली.

नेलिदा ताट घेऊन आली. कपाळावर घाम, मनगटावर भाजल्याचा लाल चट्टा. काप बाहेरून तपकिरी, आतून गुलाबी, करंगळीच्या पेराएवढे तुकडे केलेले. खरं सांगतो, मला इतका सुरेख जमला नसता. ती त्याच्यासमोर ताट ठेवून उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी हात मागे घेऊन.

अन्सेल्मोने पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"कुठलं मांस?"

नेलिदाने माझ्याकडे पाहिलं.

"बरगडीजवळचं," मी म्हणालो. "कोवळं जनावर होतं."

त्याने डाव्या हाताच्या बोटाने एक तुकडा उलटा केला, मांसाचे धागे बघितले. मग नेलिदाकडे बघून हळूच म्हणाला, "लोमो. पेटी सांगितलीस का?"

नेलिदाचा चेहरा पांढराफटक पडला. ती ओरडेल असं मला वाटलं, पण ती अगदी बारीक आवाजात बोलली.

"पंचेचाळीस वर्षं तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या रे मी. काय वाढलंस ते खाल्लं. आज एक दिवस मी भाजलं, तर तुला मरण दिसलं त्यात?"

ती आत गेली. मागे धुण्याचा नळ सोडल्याचा आवाज आला. तिची रडण्याची जागा ती.

मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. मग अन्सेल्मोने काटा उचलला. एक तुकडा तोंडात ठेवला आणि डाव्या बाजूने चावत राहिला. गिळला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मऊ," तो म्हणाला. "एकतीस वर्षं, इलारिओ. एकदाही चाखला नव्हता."

त्याने सगळा संपवला. उरलेला रस चाटायला ताटली तूकोपुढे खाली ठेवली. मग डावा हात उचलून मांडीवर पडलेल्या उजव्या हातावर मारला. आवाज आला नाही. पुन्हा मारला. मग तो तळहात त्याने टेबलावर आपटला, तीनदा. पेले हलले.

"टाळ्या," तो मला म्हणाला. "जाडीसाठी." आणि तोंड वाकडं करून जमेल तेवढ्या मोठ्याने हाक मारली, "जाडे!"

आतून नळाच्या आवाजावरून तिचा आवाज आला, "ऐकू येतंय! आपट, आपट अजून! तेवढंच येतं तुला!"

त्याचा हात टेबलावर तसाच राहिला.

ती बाहेर आली तेव्हा ताटली रिकामी होती आणि तूको जिभल्या चाटत होता. "कुत्र्याला घातलंस," ती म्हणाली. "बरं केलंस." अन्सेल्मोने तोंड उघडलं, घशातून नुसता आवाज निघाला. तिला वाटलं पाणी हवंय. तिने पाणी पाजलं.

मी सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, ही टाळी त्याची आहे, त्यानेच द्यावी, संध्याकाळी शब्द सुटले की देईल. मी टोपी घातली आणि घरी गेलो.

मंगळवारी सकाळी दुसरा झटका आला. त्यातून तो उठला नाही. मधल्या वेळात त्याने काही सांगितलं का, हे मी नेलिदाला विचारलं. "ढुंकून बघितलं नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "नुसता हात धरून बसायचा. आधाराला."

दफनाच्या वेळी कुणीतरी ओरडलंच, "आगीवरच्या माणसासाठी टाळ्या!" सगळ्यांनी वाजवल्या. नेलिदाने सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या. ते मला बघवेना. कबरस्तानाच्या फाटकाशी मी तिला गाठलं आणि सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "बरगडीजवळचं, कोवळं जनावर," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर किती सहज बोलला होतास, इलारिओ. तू भला माणूस आहेस. पण मला असलं रचलेलं काही देऊ नकोस."

तरी ती दर शनिवारी येते, तूकोसाठी थोडा खिमा घेते आणि दुकान रिकामं झालं की म्हणते, "सांग परत." मी सांगतो. ती मधे चुका काढते, मान हलवते, "छान रचलंयस" म्हणते आणि पिशवी उचलते.

परवा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अगं रचलेलं नाही, असं, हे असं!" आणि डावा तळहात ओट्यावर आपटला. तीनदा. सुऱ्या खणखणल्या.

नेलिदाने हातातली पुडी ओट्यावर ठेवली. तो आवाज तिने ओळखला.

"हाच," ती म्हणाली. "हाच आवाज होता. आणि मी आतून ओरडले त्याच्यावर."

खिम्याची पुडी ओट्यावरच राहिली. ती निघून गेली आणि मी तिच्या मागे गेलो नाही. आता ती शनिवारी येते, पुडी घेते आणि जाते. काही विचारत नाही. मीही सांगत नाही.