आसमानाची सहा अक्षरं

देवपुरातल्या आमच्या शाळेत मराठी शिकवणारे नाना कविता बसून वाचत नसत, चालून वाचत. लघु अक्षराला तोकडं पाऊल, गुरूला लांब. पांझरेच्या पुलावरून ते असे निघाले की नवखा माणूस विचारी, "मास्तरांच्या पायाला काही झालंय का हो?" नाना मला म्हणत, "कविता आधी पायाला कळते, बाई. डोकं मागून येतं, तेही आलं तर."

मला हसू यायचं. साठीचं दशक संपत आलं होतं, मी नुकती एम.ए. होऊन आलेले आणि शिंगं फुटलेली. शाळेच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडेच होतं. पारोळ्याकडून आलेल्या नववीतल्या सिंधूने कापूस वेचणाऱ्या आपल्या आईवर चार ओळी आणून दिल्या:

बोंड फुटनं व माय
पांढरं पांढरं रान
मन्ही मायनी ओटीमा
बठ्ठं आसमान

मी बोटांवर अक्षरं मोजली. आठ, आठ, आठ आणि शेवटी सहाच! लाल शाईने 'बठ्ठं'च्या, म्हणजे 'सगळं'च्या, आधी 'जणू' लिहून आठ भरून काढली आणि मोठ्या ऐटीत तिला दाखवलं. पोरीचा चेहरा उतरला. "राहू द्या बाई, छापू नका. मला नाही जमत कविता. परत नाही लिहिणार," म्हणत तिने कागदासाठी हात पुढे केला.

नाना शेजारीच होते. "थांब गं," म्हणाले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी कमरेला ओटीसारखं बांधलं आणि भर शिक्षकखोलीत, सगळ्यांसमोर, हवेतला कापूस वेचत त्या ओळी म्हणू लागले. 'ओटीमा'पाशी मूठ ओटीत गेली, रिकामा हात वर आला, मग 'बठ्ठं आसमान'. दोन अक्षरांएवढा वेळ, अगदी तेवढाच!

"बाई, तुमची दोन अक्षरं इथं, हातात आहेत," नाना म्हणाले. "आणि 'जणू' कशाला घातलंत? पोरीने रूपक करून आभाळ ओटीत उतरवलं. तुम्ही उत्प्रेक्षा करून ते परत वर टांगलंत की!"

एवढी शिकलेली मी, पण त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी 'जणू' खोडलं. सिंधूने कागद घेऊन ओळी वाचल्या. मग म्हणाली, "छापा, बाई." आणि नानांकडे वळून एकदम घरच्या बोलीत, "सर, तुमले कसं समजनं?"

नाना शाळेत कधी खानदेशी बोलले नव्हते. हळूच म्हणाले, "मन्ही माय बी वेचे."

उपरण्याची गाठ त्यांना काही केल्या सुटेना. सिंधूने पुढे होऊन ती सोडली.