तीव्रता मध्यम

त्या माणसाचा आवाज आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

मी पाटोद्यातल्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शाळेनं पालकांसाठी एक वेबसाइट घेतली होती, हजेरी आणि निकाल बघायला. एकदा ब्राउझरमध्ये पानाच्या पत्त्यातला विद्यार्थी क्रमांक टाकताना माझा एक आकडा चुकला आणि भलत्याच शाळेतल्या मुलीचं पान उघडलं. फोटो, आईचा मोबाइल नंबर, राहत्या घराचा पत्ता. म्हणजे ही वेबसाइट वापरणाऱ्या कुठल्याही शाळेतला पालक नुसता क्रमांक बदलून कुणाच्याही लेकराचं घर शोधू शकत होता.

त्याच दिवशी मी वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. चार दिवसांनी तिथल्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, या चुकीची तीव्रता मध्यम धरलीय. पुढच्या तिमाहीत दुरुस्त करू."

"मध्यम? लेकरांचे पत्ते दिसतायत हो!"

"लॉगिन केल्याशिवाय नाही ना दिसत. आणि सध्या सगळी टीम निकालाच्या नव्या पानावर आहे." मग हसून म्हणाला, "एवढे आकडे टाकत कोण बसणार?"

मुख्याध्यापक म्हणाले, "कळवलंत ना? मग झालं." मीही गप्प बसले.

दीड महिन्यानं सहावीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती तेलगावकडचं सासर सोडून आली होती आणि इथं खोली करून राहायची. तिचा गाल काळानिळा झाला होता.

"म्या भावालाबी पत्ता दिला न्हाई, मॅडम. फक्त शाळेत लिहून दिलता. त्यानं दारात मोबाइल दाखवला. म्हनला, शाळेनंच सांगितलं."

मुलीच्या आधीच्या शाळेतही हीच वेबसाइट होती. शाळा बदलली तरी तिचा क्रमांक तोच राहिला होता. बापानं त्या शाळेत शिकणाऱ्या पुतण्याच्या लॉगिनमधून तो टाकला. एकच क्रमांक, एकदाच.

मी तिला सगळं खरं सांगितलं.

"तुमाला ठावं हुतं? मग मला कावून न्हाई सांगितलं?"

मी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले, तक्रार लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतल्या त्याच माणसाला फोन लावला.

"तक्रारीत तुमच्या वेबसाइटचं नाव आहे," मी म्हणाले.

या वेळी तो हसला नाही. दुपारी चारपर्यंत चूक दुरुस्त झाली. क्रमांक बदलला की 'परवानगी नाही' असं यायला लागलं. तिमाहीचं काम अर्ध्या दिवसात उरकलं होतं! आठवड्यानं मला आभाराचं प्रमाणपत्र आलं. त्यात या सगळ्याला 'किरकोळ त्रुटी' म्हटलं होतं. मी ते तिथल्या तिथं फाडलं.

त्या आईनं मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. निघताना दारात थांबून तिनं विचारलं, "नव्या शाळेतबी हेच हाय का?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

ती थांबली नाही.