दाव्याची दोरी आणि उलट्या उड्या

मला दोरी हवी होती. उड्या मारायची, माझी स्वतःची. एकोणीसशे तीस-पस्तीसचा तो काळ. मी बारामतीला मुलींच्या शाळेत जात होते आणि कवायतीच्या नव्या बाईंनी आम्हाला दोरीवरच्या उड्यांचं वेड लावलं होतं. गावातल्या मुलींकडे पुण्याहून आणलेल्या, रंगीत लाकडी मुठींच्या दोऱ्या. आम्ही जवळच्या जळोचीला कालव्याच्या पाण्यावर माळवं, म्हणजे भाजीपाला पिकवणारे. घरात दोर ढीगभर, पण सगळे बैलांचे नाहीतर विहिरीचे. बाईंनी तर सांगून टाकलं, "शनिवारी जी स्वतःची दोरी घेऊन येईल, तिलाच संमेलनातल्या कवायतीच्या रांगेत घेईन." झालं! त्या रांगेत उभं राहायला मिळालं नाही तर शाळेत जाण्यात काय राम, असं मला वाटायला लागलं.

घरी येऊन दप्तर फेकलं आणि थेट गोठ्यात गेले. कालवड चरायला गेली होती आणि तिचं दावं खुंट्याशी नुसतंच पडलं होतं. ते उचललं आणि गोठ्यामागं सुरू झाले. काय मजा आली म्हणून सांगू! अडखळत का होईना, दोरी पायाखालून जात होती! आनंदानं मी ओरडत सुटले आणि तिथंच फसले. आत्या शेणाच्या हातांनी धावत आली.

"अगं बया! दावं वलांडतीस? कालवड गाभण हाय, दिवस भरल्यात तिचं!"

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. ती आमच्याच घरी राहायची आणि गोठा तिच्या हुकमावर चालायचा. गाभण जनावराचं दावं बाईमाणसानं ओलांडलं की ते वेळेवर वीत नाही, अशी तिची पक्की समजूत. आणि मी ते नुसतं ओलांडलं नव्हतं, सपाटाच लावला होता.

"जेवढं म्होरं वलांडलंस तेवढं मागं वलांड," तिनं हुकूम सोडला. "समदं उलटं घे. त्याबिगार दोरीचं नाव काढायचं न्हाय."

उलट्या उड्या कुणी मारतं का! मी पाय आपटले, रडले, पण आत्या बधेना. तिथंच बसकण मारून राहिली. दावं अंबाडीचं, हलकं. वारा आला की वाकडं व्हायचं. त्यात आखूड, दर वेळी टाचेवर सटकन बसायचं. अडकलेली उडी आत्या धरायची नाही. दुसऱ्या दिवशीही शाळेतून आल्यावर तेच. मी मनातल्या मनात तिला नको नको ते बोलले. मग संध्याकाळी कसं कोण जाणे, मनगट नेमकं फिरलं आणि दोरी टाचांखालून सुळकन निघून गेली. पुन्हा गेली!

"व्हय, आता गेली!" माझ्याआधी आत्याच ओरडली.

उलट्या उड्यांचा हिशेब फिटला आणि बाजाराच्या दिवशी आबांबरोबर दोरी घ्यायला निघाले तेव्हा माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. इंदापूरकडचा एक दोरवाला तिथं बसायचा. त्यानं आबांना विचारलं, "जनावर कसलं हाय?"

"दोन पायांचं," आबा म्हणाले, "आन् लई उधळतंय."

लाल गोंड्यांचा एक कासरा होता. दाव्यावरच्या उड्यांआधी मी तोच उचलला असता. पण गोंडा पायात अडकणार हे आता टाचा सांगत होत्या. काथ्या बोचतो, अंबाडी उडते. मी सुताची, वजनदार दोरी मागितली. तिच्यावर मधोमध उभी राहिले, टोकं काखेपर्यंत आली. मग भर बाजारात परकर खोचला आणि उलटी उडी घेतली. माणसं थांबून बघायला लागली. बघू देत!

"हीच, आबा! हीच!"

"जनावराच्या गळ्यात पडलेली न्हाय न्हवं?" आबांनी आत्याच्या वतीनं दोरवाल्याला विचारून घेतलं आणि टोकांना मुठीसाठी जाड गाठी मारल्या.

शनिवारी सरळ उड्यांत मी बेताचीच ठरले. बाईंची नजर पुढच्या मुलीकडे वळली. तशी मी दोरी पायांपुढे टाकली आणि उलट्या उड्या घ्यायला लागले. पुण्याच्या मुठीवाल्या बघतच राहिल्या.

"अगं, हे तुला कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"आत्यानं!"

मला रांगेत मधली जागा मिळाली. धावत घरी आले तर कालवड सुखरूप व्याली होती आणि आत्या वासराचं अंग पुसत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"म्या कुठं शिकवलं? म्या तर तुला निस्तराया लावलं," ती म्हणाली. मग हात पुसून तिनं माझी नवी दोरी उचलली, वजन पाहिलं.

"हिला कंच्या जनावराची आडकाठी न्हाय न्हवं?"

"न्हाय, आत्या."

तिनं दारापर्यंत जाऊन आबा कुठं आहेत ते बघितलं आणि काष्टा घट्ट खोचला.

"मग सरक तिकडं."