गिरिजव्वाच्या पाच बैठका

साठ वर्षं पुरी झाली त्या दिवशी गिरिजव्वा कमडोळी आपल्या बसमधून उतरली ती कायमची. धारवाड–सौंदत्ती मार्गावर एकवीस वर्षं तिने कंडक्टरकी केली. यल्लम्माच्या जत्रेत पन्नासाच्या गाडीत शंभर माणसं कोंबून कुणाला कुठं उतरायचंय हे ध्यानात ठेवणारी बाई. दारात लोंबकळणाऱ्याला ती दंड धरून आत ओढायची, आणि ओढता ओढता त्याला शहाणपणाच्या चार गोष्टीही सुनवायची. नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेल्या कितीतरी बायकांना आपण अर्ध्या वाटेत उतरवून परतीच्या गाडीत बसवलं, असं ती अभिमानाने सांगे. त्यातल्या किती जणी पुढे सुखाने नांदल्या, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

घरी बसल्यावर पहिला महिनाभर तिने नवऱ्याला शिकवलं. फक्कीरप्पा जन्माचा शिंपी, अबोल माणूस. तांदूळ कसे धुवावेत, पेपर कुठल्या बाजूने घडी करावा, खुर्ची उजेडाकडे तोंड करून का ठेवावी, सगळं त्याने ऐकून घेतलं. शेवटी एक दिवस चष्मा काढून तो म्हणाला, "गिरिजा, या गाडीत मी एकटाच प्रवासी आहे गं. दर अर्ध्या तासाला कशाला तपासतेस?"

ती हसली, पण तिला ते लागलं. त्याच आठवड्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणायला ती धारवाडातल्याच सप्तापूर भागातल्या आरोग्य केंद्रात गेली, तेव्हा तिथं डॉक्टर रेवती हिरेगौडर वस्तीतल्या वडीलधाऱ्या बायका गोळा करत होत्या. सप्तापूर म्हणजे स्पर्धा परीक्षावाल्या पोरांचं गाव. रायचूर, कोप्पळ, बीदर, कुठून कुठून पोरं येतात, एका खोलीत चार खाटा टाकून राहतात आणि फौजदार नाहीतर तहसीलदार व्हायची वाट बघतात. वाट लांबली की झोप उडते, छातीत धडधडतं, पुस्तक उघडलं की अक्षरं पळायला लागतात. यातली बहुतेक पोरं आजारी नसतात, नुसती कोंडलेली असतात, असं रेवतीबाईंचं म्हणणं. प्रत्येकाला मानसोपचाराच्या डॉक्टरपर्यंत पोचवायला डॉक्टर आहेत कुठं? म्हणून जाणत्या बायकांना बारा दिवस शिकवायचं, आणि त्यांनी एकेका पोराबरोबर पाऊण तासाच्या पाच बैठका करायच्या.

गिरिजव्वाने हात वर केला. "बैठकीत आम्ही सांगायचं काय?"

"काहीच सांगायचं नाही, अक्का. विचारायचं. त्याच्या डोक्यावरची ओझी त्यालाच मोजायला लावायची. त्यातलं एक त्यानेच निवडायचं, आणि आठवडाभरात करता येईल एवढीच लहान गोष्ट ठरवायची. पुढच्या वेळी काय झालं ते बघायचं."

"आणि सल्ला?"

"सल्ला त्याला आई देते, मामा देतो, क्लासवाले देतात. तुमच्याकडे तो सल्ल्यासाठी येत नाही."

हे गिरिजव्वाच्या डोक्यात शिरलं, पण जिभेपर्यंत उतरलं नाही. सरावाची बैठक रेवतीबाईंनी फोनवर टेप केली होती. तीस मिनिटांत गिरिजव्वा तेवीस मिनिटं बोलली होती. खरी पहिली बैठकही तशीच पार पडली. बीदरचा एक हडकुळा मुलगा आला. तिने त्याला पहाटे उठायला, नाचणीची आंबील प्यायला आणि मोबाईल मित्राकडे ठेवायला सांगितलं. तो तीनदा "हो अव्वा" म्हणाला आणि परत आला नाही. पुढं एकदा झेरॉक्सच्या दुकानापाशी तो समोरून येताना दिसला. तिला बघताच त्याने रस्ता ओलांडला.

"एकवीस वर्षांत मला बघून कुणी गाडी चुकवली नव्हती हो," घरी आल्यावर ती फक्कीरप्पाला म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. फक्कीरप्पाने चहा केला. साखर जास्त पडली होती, तरी ती काही बोलली नाही.

मग तिने एक युक्ती काढली. बैठकीला बसताना तोंडात पानाचा विडा भरायचा, म्हणजे बोलताच यायचं नाही. दोन बैठका अशा झाल्या. तिसरीला रेवतीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. पोरगी गेल्यावर त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही गप्प बसलात, छान झालं. ती शेवटी काय म्हणाली सांगा बघू."

गिरिजव्वाने आठवून पाहिलं. विडा सांभाळण्याच्या नादात शेवटचं सगळंच हुकलं होतं.

"उद्यापासून पान घरी," रेवतीबाई म्हणाल्या. दोघी पोट धरून हसल्या.

हुलिगेम्मा आली ती त्यानंतर. गंगावतीकडची भातशेतीवाल्या घरातली मुलगी, तेवीस वर्षांची, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. लसीकरणाच्या खोलीमागं दोन खुर्च्या तिरप्या मांडलेल्या असत, म्हणजे समोरासमोर बघावं लागू नये. हुलिगेम्मा खुर्चीच्या टोकावर बसली आणि बराच वेळ भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत राहिली. गिरिजव्वाच्या ओठांवर दहा वाक्यं आली. तिने ती एकेक करून गिळली.

"फौजदारकीची परीक्षा दिली होती," अखेर हुलिगेम्मा म्हणाली. "दुसऱ्यांदा. गेली. वाचायला बसलं की हात कापतात. खोलीतली पोरगी, रुक्साना, तिनंच मला इथं ढकललं."

त्या दिवशी एवढंच झालं. जाता जाता गिरिजव्वाने तिला श्वास शिकवला, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. दोघींनी मिळून दहा वेळा केला. आठव्या खेपेला हुलिगेम्माचे खांदे थोडे खाली आले, ते गिरिजव्वाने पाहिलं.

दुसऱ्या बैठकीत कागदावर ओझी उतरली. सात निघाली. परीक्षा, वडील, वय, धाकट्या बहिणीचं लग्न, हात कापणं, झोप, आणि सातवं म्हणजे मेस. गिरिजव्वाने कागद तिच्याकडे सरकवला. "यातलं पहिल्यांदा कुठलं धरूया?"

"मेस," हुलिगेम्मा म्हणाली.

गिरिजव्वाला वाटलं, अगं, घराला आग लागलीय आणि तू अंगणातला कचरा झाडतेस! पण तिने विचारलं, "मेसचं काय गं?"

"सगळ्या विचारतात. तुझा निकाल काय, तुझा निकाल काय. म्हणून मी जातच नाही. बिस्किटं खाते."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

दिवाळी होऊन गेली होती. गिरिजव्वाच्या डोळ्यांपुढं घरची गरम भाकरी आणि वांग्याची भाजी आली. डबा आणून देते, असं अगदी ओठांवर आलं. तेही तिने गिळलं. हुलिगेम्मानेच तोडगा काढला. मेस सव्वाबाराला उघडते आणि एकनंतर गर्दी होते. ती उघडल्या उघडल्या जाईल.

पुढच्या आठवड्यात ती मान खाली घालून आली. "सातातल्या दोनच दिवशी मेसला गेले."

कंडक्टरकीच्या दिवसांत गिरिजव्वाने या वाक्यावर तिला पुढच्या थांब्यावर उतरवलं असतं. आता तिने विचारलं, "त्या दोन दिवशी वेगळं काय होतं?"

हुलिगेम्मा विचारात पडली. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "त्या दोन्ही दिवशी रुक्साना बरोबर होती. तिला दुपारचा क्लास नव्हता."

"मग?"

"मग तिचा क्लास नसेल ते दिवस बघून ठेवते. आणि बाकीच्या दिवशी... कुणी विचारलं तर सांगेन, गेली म्हणून. एकदाच सांगायचंय ना!" आणि मग एकदम तिचा चेहरा पडला. "पण अव्वा, मला सगळ्यांत आधी अप्पाला सांगायला पाहिजे. मी त्याला पास झाले म्हणून सांगितलंय."

खोलीबाहेर एक तान्हं बाळ टोचणीने किंचाळलं. गिरिजव्वा गप्प होती, आणि या खेपेला तिला गप्प बसायला काही कष्ट पडले नाहीत.

त्या संध्याकाळी ती रेवतीबाईंकडे गेली. "नंबर मिळाला तर मीच बोलते तिच्या बापाशी. मला बाप लोकांशी बोलता येतं."

"तुम्हाला येतं हो, अक्का. पण बोलायचं कुणाला आहे?"

गिरिजव्वा घरी येऊन स्वतःशीच पुटपुटत राहिली. "बोलायचं कुणाला आहे म्हणे!" फक्कीरप्पा म्हणाला, "बरोबर बोलली की ती." आणि तो पुन्हा पेपर वाचू लागला.

चौथ्या बैठकीत दोघींनी तालीम केली. हुलिगेम्मा फोन कानाला लावल्यासारखं करून बसली, गिरिजव्वा अप्पा झाली.

"अप्पा, मी खोटं बोलले. मी पास झाले नाही."

"असू दे बाळा," गिरिजव्वा घोगरा आवाज काढून म्हणाली. "तब्येत सांभाळ. परीक्षा काय, परत येईल."

हुलिगेम्मा खुदकन हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "माझा बाप असा नाही बोलत, अव्वा."

"मग कसा? ओरडतो?"

"नाही. बोलतच नाही. तोच तर त्रास आहे. तो गप्प झाला की मी काहीबाही बोलत सुटते. पास झाले, हेही असंच तोंडातून निघून गेलं होतं."

मग गिरिजव्वाने अप्पाचं गप्प बसणं केलं. हुलिगेम्मा म्हणाली, "मी पास झाले नाही," आणि समोरून काही नाही. दहा सेकंद. वीस. पहिल्या वेळी हुलिगेम्मा घाईघाईने म्हणाली, "पण पुढच्या वेळी नक्की होईन, शपथ!" दुसऱ्या वेळी तिचे हात कापले. तिसऱ्या वेळी तिने चार मोजून श्वास आत घेतला, सहा मोजून सोडला, आणि ती शांतता तशीच राहू दिली. मिनिटभर दोघी त्या तिरप्या खुर्च्यांवर बसून राहिल्या. बाहेर नर्सबाई कुणाला तरी कार्ड विसरल्याबद्दल झापत होत्या. आपला नवरा चाळीस वर्षं हेच करत आला आणि आपण ती जागा दरवेळी बडबडीने भरून काढत आलो, हे गिरिजव्वाच्या तेव्हा लक्षात आलं.

पाचव्या बैठकीला हुलिगेम्मा दहा मिनिटं आधीच हजर होती.

"सांगितलं," ती म्हणाली. "गुरुवारी."

"मग?"

"गप्प बसला. मीही बसले. मग म्हणाला, पाण्याची मोटर जळलीय, माणूस आलाय, रविवारी बोलू. आणि ठेवला फोन."

"आणि रविवारी?"

"रविवारी असा तापला अव्वा, विचारू नका! नापास झालीस त्याचं काही नाही, पण मला गावभर पेढे वाटायला लावलेस, आता देवळापुढून जाऊ कसा म्हणाला. अर्धा तास झापलं. मी रडले. मग आईने फोन घेतला आणि ती अप्पालाच झापायला लागली." हुलिगेम्मा नाक पुसत हसत होती. "रात्री मात्र झोपले मी. सकाळी रुक्सानाने हलवून उठवलं."

मेसला जाणं सुरू झालं होतं. हात अजून कधीकधी कापत, पण आता ती पुस्तक मिटून फेरी मारून येई. सात ओझ्यांपैकी चार जशीच्या तशी होती. ती कागदावरच राहिली, आणि पाच बैठका संपल्या. संपल्या की संपल्या, असा नियम होता. गिरिजव्वाला वाटलं, अजून एक करावी. नाहीतर या पोरीला रोज जेवायलाच घरी बोलवावं. दारापर्यंत पोचवून ती नुसतं "नीट जा" म्हणाली. एवढा सल्ला चालत असावा.

त्यानंतर सहा वर्षं ती त्या खोलीत बसते आहे. साठाच्या वर पोरंपोरी येऊन गेली. काही दुसऱ्यांदा फिरकलीच नाहीत. एका मुलाचं बोलणं ऐकून तिने बैठक तिथेच थांबवली, त्याला एकटं न सोडता हाताला धरून रेवतीबाईंकडे नेलं, कारण ते तिच्या आवाक्यातलं काम नव्हतं आणि ते ओळखणं हेही तिला शिकवलेलं होतं. तो मुलगा औषधं घेऊन आता बरा आहे, शिकतो आहे. बेंगळुरूचा तिचा स्वतःचा मुलगा पूर्वी दोन मिनिटांत फोन ठेवायचा. आता तास तास बोलतो. परवा फक्कीरप्पाने त्याला विचारलं, आईत काय फरक पडला रे? तो म्हणाला, "काही नाही अप्पा, आता माझं वाक्य पुरं होतं."

हुलिगेम्मा फौजदार झाली नाही. तिसऱ्यांदाही थोडक्यात हुकलं. पुढच्या वर्षी तिने वनरक्षकाची परीक्षा दिली, मैदानात धावली, आणि आता हळ्याळकडच्या रानात तिची नेमणूक आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने गिरिजव्वा आणि फक्कीरप्पा दोघांना बोलावलं. खाकी कपड्यातली पोरगी बसथांब्यावर सायकल धरून उभी होती. हुलिगेम्माने गिरिजव्वाला आधी ओळखलंच नाही, कारण तिला ठाऊक होती ती ऐकून घेणारी अव्वा, आणि इथं उतरल्या उतरल्या गिरिजव्वा त्या गाडीच्या कंडक्टरला पायरीवर उभं राहू नकोस म्हणून सांगत होती.

क्वार्टरच्या मागं फणसाचं झाड होतं. हुलिगेम्माने हाताला तेल लावून फणस फोडला. तिघांनी अंगणात बसून गरे खाल्ले. रान कसं आहे, रात्री भीती वाटते का, वडील येऊन गेले का, हे सगळं फक्कीरप्पा विचारत होता. त्या दुपारी तो इतका बोलला की गिरिजव्वा नुसती ऐकत राहिली.

"अप्पा आले होते," हुलिगेम्मा म्हणाली. "दोन दिवस राहिले. जाताना म्हणाले, इथली माती भाताला बरी नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. ते खूश झाले की मातीबद्दल बोलतात."

ऊन उतरलं तशी फक्कीरप्पाला झाडाखालीच डुलकी लागली. दोघींनी आठळ्या वेचून फडक्यात बांधल्या, गिरिजव्वाला घरी नेऊन भाजायला.