दाजी आणि सरळ रस्ता

रस्त्याला वळणं आळशी लोकांनी काढली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. आमचे दाजी. तरुणपणी त्यांना शंकरपटाचं वेड, म्हणजे सरळ पट्टीवर बैलजोड्या पळवायच्या शर्यतीचं. वैजापूरकडच्या पटाची माती कशी घट्ट होती, पैठणच्या बाजूला बैलांचे खूर कसे रुतायचे, हे ते अजून जेवणाची चव सांगावी तसं सांगतात. त्यातल्या एका पटावर आता प्लॉट पडलेत, दुसऱ्यावर मंगल कार्यालय. तिथं लग्नाला गेलो, तर हातात अक्षता धरून मला म्हणाले, "नवरदेव उभाय ना, बरोबर तिथून आमची जोडी सुटायची. पण ती अशी घाबरलेली नसायची."

क्रांती चौकात सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच रिक्षावाल्याच्या पाठीवर यांची थाप. तो म्हणाला, "चाचा, मैं बैल नै हूँ." दाजी म्हणाले, "दिसतंयच. बैल असता तर एव्हाना पोचलो असतो." चालणंही तसंच. अक्का पिशवी घेऊन मागं, हे पुढच्या चौकात. "तुमचा माणूस कुठंय?" असं कुणी विचारलं की ती बिचारी लांबवर बोट दाखवायची.

तर बरं का, यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हा माणूस पाय खाली टेकवीना. डॉक्टर म्हणाले, आत्ता चालले नाहीत तर गुडघा आखडेल, मग कायमची खाट. अक्कानं देवाला हात जोडले, मी दाजींना. नाय म्हणजे नाय. शेवटी मी म्हटलं, "दाजी, दवाखान्याचा बाहेरचा व्हरांडा बघितला का? लिफ्टपासून खिडकीपर्यंत एक वळण नाय."

दाजींनी डोळे उघडले. "उतार?"

"नाय."

"माती?"

"फरशी हाय."

"घसरंल." मग दाराकडं बघितलं. "अन् जोडी कुठंय? एका बैलाचा पट बघितला का कधी?"

अक्का डोळे पुसत उठली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "ही काय. लग्नापासून जुंपलेलीच हाय. तुम्ही वळून बघितलं नाय."

दाजींनी पाय टेकवला. दोघं निघाले. अर्ध्या वाटेत अक्काची टाच दुखायला लागली, ती थांबली. मला वाटलं, आता हे जातात पुढं. पण दाजीही थांबले. म्हणाले, "दम घे. एकटा पोचलो तर पट बाद."

हल्ली संध्याकाळी दोघं कॉलनीतल्या सरळ रस्त्यानं फिरायला निघतात. वेळ लई लागतो. पण कुणी विचारलं, "अक्का, तुमचा माणूस कुठंय?" तर तिला आता बोट लांब करावं लागत नाही.