मुठीला अडकवलेली पिशवी

हवाई बेटावरच्या हिलो गावात अवोकाडोच्या मोसमात गावचं माणूस अवोकाडो विकत घेत नाही. झाडं वाकलेली असतात. ज्याच्याकडे जास्त, तो शेजाऱ्याच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवतो आणि न बोलता चालू लागतो. बाजारात ते घ्यावेत पर्यटकांनी, नाहीतर ज्याला विचारणारं कुणी उरलं नाही त्यानं.

मासाओ नाकासोने हा एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा दर बुधवारी आणि शनिवारी शेतकरी बाजारात जाऊन नेमके तेच घ्यायचा.

"आजही पाहुणे का, आजोबा?" भाजीवाली मर्लिन हसायची.

"होनोलुलूचे. खादाड आहेत मेले!" म्हणत तो पिशवी कोबीखाली दडवायचा.

कसले पाहुणे नि कसलं काय! बायको, हारुए, गेल्यापासून घरात दुसरा पेला विसळलाच गेला नव्हता. ती होती तेव्हा मुठीला जागा पुरत नसे. आलेली प्रत्येक पिशवी ती मुळ्याच्या लोणच्याची बरणी घालून परत धाडायची. ती गेली त्या वर्षी मोसम लागून दोन आठवडे झाले तरी मूठ रिकामीच. म्हाताऱ्यानं धसकाच घेतला. लोणचं संपलं, आता आपल्याला कोण विचारतंय! पण गल्लीत शोभा नको, म्हणून बाजारातली पिशवी त्यानं स्वतःच दाराला लटकवली. दिवसभर लोकांनी बघायची, संध्याकाळी आत घ्यायची. हे सोंग दोन वर्षं चाललं होतं.

त्या शनिवारी शेजारची लेहुआ फाटकासमोरून हातगाडी ढकलत निघाली. गाडीत अवोकाडोंचा ढीग होता.

"कुठं निघालीस गं?" मासाओनं दारातून विचारलं.

"मामाच्या डुकरांना घालायला. काय करू, काका? सडताहेत."

"डुकरांना?"

"मग! तुमच्या दाराशी तर आधीच रांग. मावशी गेल्या त्या वर्षी आमचं झाड उशिरा धरलं. पिशवी घेऊन आले, तर मुठीला दुसऱ्याची लटकलेली. चार वेळा आले नि चारही वेळा परत गेले. आई म्हणाली, हारुएमावशीची पुण्याई, काकांना काही कमी नाही."

चार वेळा. ही पोर चारदा पायरीपर्यंत आली होती, आणि मासाओ आत एकटा बसून भाताला लोणचं शोधत होता.

"येते, काका." गाडी पुढं सरकली.

"हो ना, लोक ऐकतच नाहीत, आणून देतातच," हे वाक्य त्याच्या तोंडाशी अगदी तयार होतं. गल्लीत दोन बायका कपडे वाळत घालत होत्या.

"लेहुआ!" तो ओरडला. "विकतचे आहेत ते! बाजारातले. मीच अडकवतो."

बायकांचे हात थांबले. लेहुआही थांबली. मासाओनं मान खाली घालून मुठीवरची पिशवी काढली आणि दार सताड उघडं टाकून तो पायरीवर बसला.