इनेझबायची हाळी

चूक इनेझबायची स्वतःचीच होती, त्यामुळे चिडायचं कोणावर हा मोठा प्रश्न होता. बेलाला पसंत तिनेच केलं होतं.

भाऊ सेबेस्टियन, घरातला बस्त्याव, त्याची पहिली बायको धाकट्या मार्थाच्या जन्माच्या वेळी बाळंतपणात गेली. तेव्हापासून सांडोरची ती केळीची वाडी, बस्त्यावची दोन पोरं रुडॉल्फ आणि मार्था, आणि रहाटाचा रेडा असा सगळा प्रपंच इनेझबाय एकटी ओढत होती. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. का राहिलं असं कोणी विचारलं, तर म्हणायची, "मी गेले असते तर केळीला पाणी तू घातलं असतंस?"

पाण्याचंही तिचं वेगळंच तंत्र होतं. रहाटाच्या रेड्याला झापडं बांधलेली असतात, आणि मागे माणूस नाही असं वाटलं की तो थांबतो. मागे फिरायला घरात मोकळं माणूस नव्हतं. म्हणून इनेझबाय वाडीच्या पार टोकाला, पाटाचं पाणी वळवता वळवता हाळी देई, "हो रेऽऽ हो होऽऽ!" ती ऐकू येई तोवर रेडा चालत राही. त्याच्यामागून काळ्या कुत्रा गोल फिरे, जसं काही निम्मं पाणी तोच काढतो. आणि हाळी आली म्हणजे पाटाला पाणी आलं, हे ओळखून रुडॉल्फ आणि मार्था केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, होड्या घेऊन धावत.

पुढे नातेवाईक मागे लागले, की बस्त्यावचं दुसरं लग्न करा. इनेझबाय म्हणाली, मुली मी बघणार. तिने वसईतली गावंच्या गावं पालथी घातली आणि चांगल्या मुली एकेक करून नापास केल्या. एकीचा हात फारच सफाईचा, एकीचा आवाज गोड, एक चक्क सातवी पास. शेवटी नंदाखालला बेला सापडली. रंगरूप बेताचं, बोलणं बेताचं, आणि हातावर थापलेली तांदळाची रोटी अशी, की कुठून खायला सुरुवात करावी कळू नये. इनेझबायला वाटलं, हिच्या रोट्या खाऊन पोरं आपल्याकडेच येतील. तिने जागेवर होकार दिला.

जे बघायचं ते मात्र बघितलंच नाही. बेला घरातली थोरली, आणि पाठच्या भावंडांची रांग तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेली. तिला रोटी येत नव्हती. पण माकडासारखं झाडावर चढता येत होतं, पानाची पिपाणी वाजवता येत होती आणि पोरांबरोबर रडण्याचं सोंगही करता येत होतं. येताना तिने माहेरचा कुत्राही आणला. तांबूस, गोलमटोल, सणाला पिठाचे गोल फुगे तळतात ना, तसल्या कढईतून नुकत्याच काढलेल्या फुग्यासारखा. नावही फुग्याच.

महिन्याभरात मार्था वेणी घालून घ्यायला बेलाकडे जाऊ लागली. इनेझबाय ती वेणी सोडायची आणि "वाकडी आली गं," म्हणत पुन्हा घालायची. रुडॉल्फ निजताना बेलाच्याच गोष्टी मागे. हेही तिने सोसलं असतं. पण काळ्या, जन्मभर तिच्या उंबऱ्यावर झोपलेला काळ्या, फुग्याच्या शेजारी बेलाच्या दाराशी पडू लागला, तेव्हा इनेझबाय म्हणाली, "कुत्र्याची जात." ते कुणाला उद्देशून होतं, हे घरात कोणी विचारलं नाही.

एकच गोष्ट अजून तिच्या बाजूला होती. पोरं बेलाला 'आई' म्हणत नव्हती. 'बेलाबाय' म्हणत. ते त्यांना कोणी शिकवलं, हे सांगायला नकोच.

जानेवारीतल्या एका रविवारी बेला म्हणाली, "बाय, आज पोरांना किल्ल्यात घेऊन जाऊ या. कुत्रेही मोकळे पळतील."

"किल्ल्यात काय आहे बघायला? पडकी पोर्तुगीज देवळं आणि चरणारी गुरं," इनेझबाय म्हणाली. आणि कोणी आग्रह करायच्या आधीच शिदोरी बांधायला बसली. बस्त्याव आगाशीला बारशाला गेला होता; पोरं एकट्या बेलाच्या हवाली करायची तिची छाती नव्हती. चर्चमधली मिस्सा आटोपून नथूच्या बैलगाडीतून सगळे निघाले.

किल्ल्यात दरवाजापलीकडे चिंचा, ताडाची झाडं, मोडक्या कमानी आणि मधे मऊ गवत. बेलाने लुगडं खोचलं आणि पोरांच्या, कुत्र्यांच्या मागे सुसाट सुटली. इनेझबाय चिंचेखाली टोपली राखत बसली. नथू बैल सोडता सोडता म्हणाला, "नवी बाई पोरांत पोर झाली बघा."

"मग तिलाही दुधाची बाटली द्यावी लागेल," इनेझबाय म्हणाली.

थोड्या वेळाने मार्था मूठभर बोरं घेऊन आली. इनेझबायने हात पुढे केला. मार्थाने त्यात बिया ठेवल्या. "धर आत्या. बोरं बेलाबायला दिली."

आता लपाछपी सुरू झाली. बेला डोळे मिटून कमानीला टेकली. रुडॉल्फ लगेच दगडामागे बसला, पार्श्वभाग बाहेर ठेवून. मार्था आत्याजवळ येऊन कुजबुजली, "मी कुठे लपू?"

झाडामागे लप, असं म्हणायचं सोडून इनेझबाय म्हणाली, "त्या पडक्या देवळाच्या मागे जा. लांब. आणि तिने कितीही बोलावलं तरी येऊ नको हं. मी बोलावलं तरी नको, आपली गंमत." आत्याच्या धाकात वाढलेली पोर निमूट गेली.

रुडॉल्फ सापडला. मार्था सापडेना. बेलाने एक हाक मारली, दुसरी मारली. इनेझबायने शांतपणे केळं सोललं. पोरं सांभाळणं म्हणजे झाडावर चढणं नव्हे, हे कधीतरी कळायलाच हवं होतं. केळं गोड होतं. तिने दुसरंही सोललं.

ते मात्र तोंडातच राहिलं. देवळामागे झुडपांत एक कठडा नसलेली जुनी विहीर आहे, हे तिला आठवलं होतं.

ती धावली. "मार्था, ये गं बाहेर, संपला खेळ!" पण मी बोलावलं तरी नको, हे तिनेच सांगून ठेवलेलं. पोर शब्दाला पक्की निघाली. बेलाचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ती काट्यांत हात घालून झुडपं उघडत होती. नथू लांब काठी घेऊन विहिरीवर वाकला. ते बघून इनेझबायच्या तोंडून नाव फुटेना. फुटली ती वाडीतली हाळी.

"हो रेऽऽ हो होऽऽ!"

काळ्याने कान टवकारले. आता तो वास काढत पोरीकडे धावेल असं सगळ्यांना वाटलं. तो चिंचेपाशी गेला, समोर रेडा नाही हे लक्षात न घेता गोल फिरू लागला, आणि फुग्या त्याच्यामागे. इनेझबाय रडत होती आणि हाळी देत होती. दोन्ही कुत्रे इमानाने रहाट ओढत होते.

तेवढ्यात एका कोनाड्यातून मार्था निघाली. केसांत जाळी, हातात होडीसाठी उचललेलं वाळकं पान. "पाणी आलं?"

इनेझबाय गुडघ्यांवर बसली, हात पसरून. मार्था तिच्या बाजूने धावत पुढे गेली आणि बेलाचं लुगडं ओढू लागली. "आई, चल ना. पाणी आलंय. तुला होडी दाखवते." आत्याला होडी ठाऊकच होती, तिला काय दाखवायचं?

बेलाने पोरीला छातीशी घट्ट धरलं. इनेझबायचे हात तसेच होते. फुग्या येऊन ते चाटू लागला.

परतताना गाडीत मार्था आडवी झाली. डोकं बेलाच्या मांडीवर. पाय इनेझबायच्या वाट्याला आले. झोपेत जाता जाता ती म्हणाली, "आत्याने सांगितलं होतं, आईने बोलावलं तरी जायचं नाही. मी गेले नाही."

इनेझबाय बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिली. बेलाने एकदाच मान वर केली. मग मार्थाच्या पायांवर पदर ओढला. "बाय, वारा लागतोय, तुम्हीही नीट पांघरा."

घरी नथूने बैल सोडायच्या आत सगळी हकिगत आगाशीहून परतलेल्या बस्त्यावच्या कानावर घातली. तो तापट नव्हता, पण त्या दिवशी बेलावर तापला. "पोर विहिरीवर जाईस्तोवर तुझं लक्ष कुठं होतं? खेळायला आणलं का तुला या घरात?"

इनेझबाय चुलीपाशी पळी धरून उभी होती. तिने तोंड उघडलं.

"चुकलं माझं," बेला आधीच म्हणाली. "डोळे मिटून बसले होते ना."

"रस्सा निवतोय," इनेझबाय म्हणाली. "जेवून घ्या."

त्यानंतर तिने मार्थाची वेणी पुन्हा कधी सोडली नाही. राजेळी केळीचा पहिला पिकलेला घड बेलाच्या माहेरी नंदाखालला जाऊ लागला. बस्त्यावला नवल वाटे, बायचं एवढं मन कधीपासून मोठं झालं. तो विचारी, तेव्हा इनेझबाय म्हणे, "घड यंदा मोठे आलेत." भावाला सांगायचं ते एक वाक्य मात्र तिच्याकडे राहूनच गेलं, आणि बेलाने ते कधी मागितलं नाही.